सेकंद काटा उड्या मारतोय, घड्याळ बिघडलंय का?

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या पेटीत एक खिशातलं घड्याळ सापडलं. मागच्या झाकणावर रंगीत फुलांचं मीनाकाम, कडेने बारीक मोती, त्यातले दोन गळालेत. चावी दिली की चालतं पण मधला लांब सेकंद काटा सरकत नाही, थांबतो आणि टुणकन उडी मारतो. आमचे घड्याळवाले म्हणाले मशीन खराब झालंय, बदलून टाकू. आत चिनी अक्षरं पण आहेत. नकली आहे का?
– एक वाचक भगिनी, गिरगाव

उत्तर : ताई, मशीन अजिबात बदलू देऊ नका, घड्याळ आधी घरी आणा मग पुढचं वाचा. ती उडी म्हणजे बिघाड नाही, बनवणाऱ्याने मुद्दाम केलेली करामत आहे. याला चायनीज डुप्लेक्स म्हणतात. स्प्रिंगची ताकद थोडी थोडी सोडणारं जे चाक असतं ना, त्याचे लांब दात इथे टोकाशी दुभंगलेले असतात, मग बॅलन्स, म्हणजे आतलं मागे-पुढे डुलणारं चाक, एकदा गेला-आला की दात अर्धाच सुटतो, काटा जेमतेम हलतो, आणि दुसऱ्यांदा गेला-आला की पूर्ण सुटतो आणि काटा थेट पुढच्या सेकंदावर. तुमच्या घड्याळवाल्यांना दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर असलं घड्याळ कशाला येतंय!

तुम्ही सांगताय त्यावरून हे 19व्या शतकात युरोपात खास चिनी गिऱ्हाइकांसाठी बनवायचे त्या जातीचं वाटतं. 1757 पासून 1842 पर्यंत युरोपियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर उघडं होतं, चहा-रेशीम तिथूनच न्यायचं आणि चिन्यांना विकायला आपल्याकडे फारसं काही नाही ही त्यांची कायमची रड. पण घड्याळं खपायची, सम्राट चियेनलाँगला तर यांत्रिक घड्याळांचं वेडच होतं, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्या संग्रहाचं वेगळं दालन आहे. मग स्वित्झर्लंडच्या फ्लरिए गावचा एदुआर बोवे 1818 मध्ये कँटनला गेला आणि 1822 मध्ये भावांबरोबर कंपनी काढली, ती चीनसाठीच. असले मेकर आपलं नाव चिनी अक्षरांत घालायचे, त्यामुळे अक्षरं दिसली म्हणून नकली समजू नका.

आता मागचं झाकण उघडून बघा, आत काचेचं दुसरं झाकण आहे का? असलं तर मशीनवर नखशिखांत वेलबुट्टी कोरलेली दिसेल. वेळ दाखवायला ती काय कामाची? पण घड्याळ पाहुण्यांसमोर उघडून मिरवायचं असायचं. मला विचाराल तर बाहेरच्या फुलांपेक्षा हे आतलं काम जास्त देखणं.

प्रश्न : चीनसाठी बनवलेलं घड्याळ मुंबईत कसं काय येईल?
– त्याच भगिनी

उत्तर : मुंबई-कँटन जहाजं सारखी ये-जा करायची हो, इथून कापूस आणि अफू जायची. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः कितीतरी वेळा चीनला जाऊन आले. तुमचं तसंच आलं असं मी म्हणत नाही, नंतर कोणी चोरबाजारातून उचललेलं पण असू शकतं. घरात जुनी पत्रं, पावत्या असतील तर शोधा.

प्रश्न : माझ्या घड्याळावर लंडनचं नाव आहे पण दुकानदार म्हणतो स्विस आहे. फसवतोय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, बरोबर बोलतोय. लंडनच्या विल्यम इल्बेरीच्या नावाच्या घड्याळांचंच बघा ना, मशीन आणि मीनाकाम बरेचदा स्वित्झर्लंडचं. फसवणूक होते ती झाकणावरच्या मीनाकामाच्या चित्रात. भिंगाखाली चित्रात छापील फोटोसारखे सारखे ठिपके दिसले तर सोडून द्या, हाताच्या कामात ब्रशचे फटकारे दिसतात.

प्रश्न : मीनाकामाला केसासारखी चीर गेलीय, भट्टीत घालून नीट होईल का? आणि किंमत किती येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भट्टीत नको! मीना म्हणजे धातूवर वितळवलेली रंगीत काचच, रंग बसवायला साधारण 800 अंशाला पुन्हा पुन्हा भाजलेली, आता परत तापवली तर चीर राहील बाजूला आणि चित्र जाईल, मोत्यांचं तर विचारूच नका. अल्ट्रासोनिक मशीनमध्येही टाकू नका, मऊ कोरड्या कापडाने पुसा, बस.

किंमत पत्रावरून सांगता येत नाही, पण एक विचारतो, चित्रातली माणसं कुठल्या बाजूला बघतायत? चीनमध्ये भेट जोडीने द्यायची पद्धत, म्हणून ही घड्याळं पण बरेचदा जोडीने बनायची, आपण समया घेतो तशी, आणि चित्रं आरशातल्यासारखी उलटसुलट, एक डावीकडे बघणारं एक उजवीकडे. जोडी शाबूत असेल तर भाव कुठल्या कुठे जातो. घरातल्या सगळ्या कपाटांत नीट बघा, भावकीतही विचारा, आणि पुढच्या वेळी पत्राबरोबर झाकण उघडून मशीनचा फोटो पाठवा.