मुलांची ट्रेलर-सायकल: हप्त्यावर नवी की रोखीने वापरलेली?

प्रश्न: मुलगी 5 वर्षांची, वजन 18 किलो. धाकटा 2 वर्षांचा. शाळा 3 किलोमीटरवर. माझ्या सायकलमागे जोडायची ट्रेलर-सायकल घ्यायची आहे, म्हणजे एका चाकाची, स्वतःचं सीट, हँडल आणि पेडल असलेली. नवीची किंमत 100 धरली, तर 12 हप्त्यांत ती 110 ला पडते. वापरलेली 50 ला मिळतेय. शाळेच्या बसची फी याच मापात महिन्याला 6. कोणती घेऊ?

उत्तर: वापरलेली घ्या, आणि रोखीने. हप्त्यांमध्ये 10 टक्केच जास्त जातात असं वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असते. त्यामुळे खरा व्याजदर वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपास पडतो. मुलं मोठी झाली की जी वस्तू अडगळीत जाणार, तिच्यासाठी हे व्याज कशाला?

बहुतेक ट्रेलर-सायकलींची वजनमर्यादा 35 किलोच्या आगेमागे असते. ती गाठण्याच्या कितीतरी आधी मुलं स्वतःची सायकल मागतात. मुलीची दोनेक वर्षं धरा. तोवर धाकटा 4 वर्षांचा होईल आणि गाडी त्याच्याकडे जाईल. म्हणजे मध्ये विकायची गरज नाही, एकूण वापर साधारण 4 वर्षं.

वापरलेलीचे 50, त्यात जोडाचे नवे बुश (जोडाच्या आत बसणाऱ्या, वापराने झिजणाऱ्या कड्या), पिन, टायर आणि तुमच्या सायकलचे ब्रेक पॅड मिळून 15 घाला. एकूण 65. नवी हप्त्याने 110, ब्रेक पॅडसह 115. चार वर्षांनी जुनी 20 ला आणि नवी 35 ला गेली असं धरलं, तर निव्वळ खर्च 45 विरुद्ध 80. विक्रीचे आकडे अंदाजाचे आहेत, पण दोन्हींना शून्य आले तरी निकाल बदलत नाही.

आता बसची बचत. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. बस पूर्ण बंद केली तरच महिन्याला 6 वाचतात आणि 65 चा खर्च साधारण 11 महिन्यांच्या फीमध्ये निघतो. आठवड्यातले तीन दिवस सायकल आणि दोन दिवस बस असं केलंत, तर फी तेवढीच आणि बचत शून्य. फी सत्राची आहे की महिन्याची, अर्ध्यात थांबवता येते का, हे आधी विचारा. जमल्यास कुणाची तरी गाडी महिनाभर उसनी किंवा भाड्याने घेऊन रोजची ये-जा करून बघा. पाऊस, उशीर, आजारपण, सगळं त्यात कळतं. पुढच्या सत्राची फी भरायच्या आधी हे उरका.

पैसे बुडतात ते बहुधा जोडापाशी. म्हणून आधी तुमचीच सायकल तपासा. बहुतेक ट्रेलर-सायकली सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, क्लॅम्पने (आवळायच्या पकडीने) बसतात. तुमचा सीटपोस्ट कार्बनचा असेल तर क्लॅम्पच्या दाबाने तो चिरडू शकतो. बटणाने वरखाली होणाऱ्या सीटपोस्टवरही हा जोड लावू नये. व्यास कॅलिपरने मोजा. 27.2 मिमी सर्रास दिसतो, पण 25.4, 30.9 आणि 31.6 मिमीचेही असतात, आणि बुश नेमका त्याच मापाचा लागतो. सीट खाली ठेवून चालवत असाल तर फ्रेमच्या वर क्लॅम्प बसेल एवढा दांडा उघडा राहतो का, तेही पाहा. यातलं काही आडवं आलं तर खास कॅरिअरवर बसणारा प्रकार बघावा लागेल. तो कमी डुलतो, पण किंमत जास्त, आणि वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

जुनी गाडी विकत घेताना ती सायकलला जोडून बघा. एकाने सायकल सरळ घट्ट धरायची, दुसऱ्याने मागचं सीट डावी-उजवीकडे ढकलायचं. सायकल हलत नाही आणि मागची गाडी खटखट कलते, म्हणजे बुश झिजलेत. ते बदलता येतात, भावात तेवढी घासाघीस करा. ट्रेलर-सायकलच्या पुढे येणाऱ्या दांड्याच्या वाकणापाशी किंवा वेल्डिंगवर रंगात बारीक तडा दिसला तर मात्र फुकटही घेऊ नका. क्लॅम्प, पिन, बुश सगळं सोबत आहे ना, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. जोड नसलेली ट्रेलर-सायकल भंगारातच जमा.

ब्रेक पॅडचा खर्च मात्र कापू नका. मागच्या गाडीला सहसा ब्रेक नसतो. मुलगी 18 किलो आणि गाडी 10 धरली, तर 28 किलो जादा वजन तुमच्याच ब्रेकने थांबवायचं आहे.

आणि धाकट्यालाही त्याच फेरीत न्यायचा बेत असेल तर थांबा. मागच्या कॅरिअरवर बालसीट बसवलं की सीटपोस्टच्या जोडाला वळायला जागा उरत नाही. मग एकतर पुढे बसणारं बालसीट, किंवा दोघांना बसवून न्यायचा दोन चाकांचा ट्रेलर. त्यांच्या किमती आणि तुमच्या सायकलचं मॉडेल कळवा, ते आकडे वेगळे मांडू.