आजींचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. चार-चार दिवस संडास होत नाही. इसबगोल देतो, तरी पोट गच्चच राहते. काय करावं? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : इसबगोल कसं देता, ते आधी पाहा. एक चमचा भुसी पेलाभर पाण्यात कालवून लगेच पाजायची, वरून आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तीच भुसी आतड्यात घट्ट बसते. गिळायला त्रास असेल तर देऊच नका. रात्री उठावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांचं पाणी पिणं कमी होतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर हे फारच नडतं. दिवसाउजेडी सहा-सात पेले द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासात कमोडच्या खुर्चीवर बसवा, पायाखाली पाट ठेवा. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनीही मळ घट्ट होतो. गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. एरंडेल रोज नको.

अन् एक. बद्धकोष्ठात अचानक पातळ गळू लागलं, तर जुलाब समजून गोळी देऊ नका. घट्ट मळाचा खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असू शकतं. पोट फुगलं, उलटी झाली, वारा सरेना किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना.