नागपुरात पेशंटसोबत राहायचं असेल तर जेवायचं कुठं? एका जुन्या कंडक्टरचं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ठरलंय. राळेगावकडून तुम्ही, आई आणि लहान भाऊ असे तिघं जाणार, वीसेक दिवसांचा मुक्काम पडेल. आई माळकरी आहे. मागच्या खेपेला मोबाइलवर साडेचार तारे बघून एका हॉटेलात गेलात, तिथं पैसेही गेले आणि भावाचं पोटही बिघडलं. आता एवढ्या मोठ्या शहरात चांगलं खायचं ठिकाण ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न. तुमच्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी हॉटेलांची नावं दिली आहेत, चांगली आहेत. पण वीस दिवस जेवायचं असलं की नावांच्या यादीपेक्षा पारख जास्त कामी येते. म्हणून सविस्तर लिहितो.

मी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी हिंगणघाट-नागपूर फेरीवर गेली. नंतर घरच्या आजारपणात दोन महिने नागपुरात मुक्कामी राहिलो. ड्युटीवरच्या माणसाला जेवणाची एक अट असते. जेवल्यावर ड्रायव्हरला झोप यायला नको आणि बुटीबोरी ते जामच्या मध्ये कंडक्टरच्या पोटात कळ यायला नको. भरल्या गाडीत ते सोसत नाही. त्यामुळे कोणत्या हॉटेलातलं जेवण पचतं, हे आमच्या लोकांना पक्कं ठाऊक असायचं. बसस्टँडवर उतरलात की समोरच्या झगमगाटाकडे बघू नका. खाकी कपड्यातली दोन माणसं दुपारी साडेबाराला कुठं वळतात ते बघा आणि त्यांच्या मागं जा. नाहीतर सरळ विचारा, "भाऊ, तुम्ही कुठं जेवता?" "चांगलं हॉटेल कुठं आहे?" असं विचारलं तर समोरचा माणूस तुम्हाला पाहुणा समजतो आणि मोठं, महाग नाव सांगतो. तो स्वतः जेवतो ते ठिकाण वेगळंच असतं. हाच प्रश्न मेडिकलमध्ये वॉर्डातल्या मावशीला विचारा, सिक्युरिटीवाल्याला विचारा, स्टँडवरच्या ऑटोवाल्याला विचारा. दोघांनी एकच जागा सांगितली तर डोळे मिटून जा.

गेटाच्या अगदी समोरच्या हॉटेलांचं एक आहे. तिथं रोज नवं गिऱ्हाईक येतं. आज आलेला माणूस उद्या गावी जाणार हे मालकाला माहीत असतं. त्याच रस्त्यानं आत दोन गल्ल्या चालून गेलात की वस्ती लागते, आणि वस्तीतल्या भोजनालयात तेच लोक रोज येतात. तिथं एक दिवस वरण आंबलं तर दुसऱ्या दिवशी पाटावर माणूस बसत नाही. मेडिकलच्या आजूबाजूला हनुमाननगर, अजनी, नंदनवन या भागांत शिकणारी पोरं खूप राहतात. जिथं पोरं, तिथं मेस. वीस दिवसांसाठी तुम्हाला मेसच परवडेल. फक्त महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. दोन दिवस रोखीनं जेवा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. रात्रीचं जेवण मुद्दाम बघा. दुपारचीच भाजी रात्री रस्सा वाढवून येते का, पोळ्या ताज्या लाटल्या जातात की दुपारच्या डब्यातून निघतात, ते रात्रीच कळतं. बऱ्याच मेसवाल्या ताई डबाही देतात. एकजण बाबांजवळ बसणार, दोघं बाहेर, अशी तुमची पाळी राहील. त्यामुळे दोन जेवणं मेसमध्ये आणि एक डब्यात, असं बोलून घ्या.

मी जेवायला बसायच्या आधी काय बघतो ते सांगतो. वरणाच्या गंजातून (पातेल्यातून) वाफ येते का? भाताचा वास कसा आहे? ताटं वाहत्या नळाखाली धुतात की एकाच घमेल्यातल्या पाण्यात बुचकळतात? कढईतलं तेल काळं पडून फेस धरतंय का? आणि पाटीवर किती जिन्नस लिहिले आहेत? हे शेवटचं फार महत्त्वाचं. लहान हॉटेलात साठ भाज्यांची पाटी असली तर त्या साठ भाज्या एकाच लाल ग्रेव्हीतून निघतात, आणि ती ग्रेव्ही कधीची असते कोण जाणे. चार जिन्नस असलेलं भोजनालय रोजचं रोज करतं. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर लावलेला असतो, तोही बघून घ्या. त्यावरून चव कळत नाही, पण धंदा नोंदलेला आहे एवढं कळतं.

आता मोबाइलचे तारे. मी ते टाकाऊ समजत नाही, माझी मुलगी त्यातूनच शोधते आणि तिच्याकडून मी शिकलो. पण तारे मोजू नका, मजकूर वाचा. आधी सगळ्यांत नवीन अभिप्राय लावून घ्या, कारण दोन वर्षांपूर्वीचा स्वयंपाकी आता तिथं असेलच असं नाही. मग एक आणि दोन ताऱ्यांचे वाचा. "वेटर हसत नव्हता" अशी तक्रार असेल तर सोडून द्या. "शिळं होतं", "पोट बिघडलं" असं दोन-तीन वेगळ्या लोकांनी वेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल तर ते हॉटेल सोडा. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. मेनूकार्डाचा फोटो कुणीतरी टाकलेलाच असतो, त्यावरून भाव आधीच कळतो. "डेकोरेशन छान, सेल्फीला जागा" अशी स्तुती ज्या ठिकाणी जास्त, तिथं तुम्हाला काम नाही. आणि घरपोच मागवणार असाल तर एक लक्षात घ्या, ॲपवरचा भाव बहुतेक वेळा काउंटरच्या भावापेक्षा जास्त असतो. शिवाय एकाच स्वयंपाकघरातून चार नावांनी डबे निघतात. पत्ता जुळवून बघितला की ते कळतं.

पैशाच्या बाबतीत बसण्याआधी दोन वाक्यं बोलाच. "थाळी लिमिटेड की अनलिमिटेड?" आणि "जास्तीच्या पोळीचे किती?" मी एकदा बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात हे न विचारता बसलो. बायको सोबत होती, तपासणीमुळं सकाळपासून उपाशी. वाढपी आग्रह करून वाढत होता, दोन पोळ्या, अजून एक वाटी भाजी, वर दही. बिल आलं ते आमच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक वाटी वेगळी लावलेली. खिशात औषधाचे पैसे होते, त्यातून दिले. ती बिचारी त्या दिवशी रात्री जेवली नाही. म्हणून सांगतो, विचारायला लाजू नका. मोठ्या हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, द्यायचा की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. जीएसटी मात्र वेगळा, तो द्यावा लागतो.

अगदीच हात आखडला तर शिवभोजन थाळी आहे. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. दवाखाने आणि स्टँड अशा गरजेच्या जागा धरूनच केंद्रं दिलेली होती. वॉर्डात विचारा, जवळचं केंद्र चालू असेल तर वेळेआधी रांगेत लागा, थाळ्या मोजक्या असतात. मेडिकलच्या परिसरात पेशंटच्या नातेवाइकांसाठी अन्नदान करणारे लोकही येतात. त्यात कमीपणा मानू नका. मी त्या रांगेत गावचे पाटीलही उभे राहिलेले पाहिलेत.

आईंचं वेगळं बघावं लागेल. माळकरी माणसाला मटणाच्या गंजाशेजारचं वरण चालत नाही. पाटीवर "व्हेज-नॉनव्हेज" आहे का नुसतं "शुद्ध शाकाहारी", ते आधी बघा. कांदा-लसूण चालत नसेल तर मेसवाल्या ताईला पहिल्याच दिवशी सांगा, त्या वरण फोडणी देण्याआधी वेगळं काढून ठेवतात. एकादशीला बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) उपाहारगृहांत साबुदाण्याची खिचडी, उसळ मिळते. पण मेडिकलहून त्यासाठी आईंना नेऊ नका, भाऊ जाऊन बांधून आणेल. ऑटोनं काँग्रेसनगरच्या मेट्रो स्टेशनवर गेलं की पुढचंच स्टेशन सीताबर्डी.

आणि भावाला एकदा त्याच मेट्रोनं आणखी पुढं पाठवा, झिरो माइलच्या नंतर कस्तुरचंद पार्क. सकाळी लवकर. तिथल्या भागात तर्री पोहे खाल्ल्याशिवाय नागपूर पाहिलं असं होत नाही. आपल्याकडे गावात पोहे होतात ते वेगळे. इथं पोह्यांचा पिवळा ढीग उकळत्या पाण्याच्या गंजावर वाफेला ठेवलेला असतो, वरून ओलं फडकं. शेजारी दुसऱ्या गंजात काळ्या चण्याचा रस्सा रटरटत असतो, त्यावर बोटभर लाल तवंग. ठेलेवाला प्लेटीत पोहे टाकतो, पळी तिरपी धरून आधी तवंग घेतो, मग खालून चणे, वरून चिवडा, कांदा, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबाची फोड. पहिला घास तिखट लागतो, तिसऱ्या घासाला कपाळावर घाम येतो आणि प्लेट संपेपर्यंत डोकं हलकं झालेलं असतं. रात्रभर वॉर्डाच्या बाकावर बसून काढलेल्या माणसाला त्या प्लेटीनं जी तरतरी येते ती मी अनुभवली आहे. पारख एकच. चण्याचा गंज उकळता असला पाहिजे. कोमट तर्री असली तर पुढच्या ठेल्यावर जा, सकाळी ठेले कमी नसतात. तिखट सोसत नसेल तर "तर्री वरची नको, खालची द्या" म्हणा. म्हणजे तेल वगळून नुसते चणे आणि रस्सा येतो.

सावजीबद्दल भावानं विचारलं असणारच. महाल, इतवारी, गोळीबार चौक हा त्याचा मूळ भाग, कारण सावजी हा विणकर हलबा कोष्टी समाजाचा स्वयंपाक. खडा मसाला भाजून वाटलेला, रस्सा काळपट, आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मोठ्या बोर्डावर सावजी लिहिलं म्हणजे सावजी झालं असं नाही. शहरभर आणि हायवेवर ते नाव दिसेल. खरी जागा बहुतेक लहान असते, बाकं साधी, आणि रविवारी दुपारी बाहेर माणसं उभी. तिखटाला तिथं मूळ चव असते, नुसती जाळणारी मिरची नसते. जेवताना घशाला आग लागली आणि मसाल्याचा वास मात्र आलाच नाही, तर ती मिरची पूड. मटण खात नसलात तरी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा तेवढाच भारी. पण हे सगळं ऑपरेशन नीट पार पडल्यावर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सावजी खाऊन दुसऱ्या दिवशी थिएटरबाहेर उभं राहायचं, असं भावाला करू देऊ नका. आणि बाबांसाठी बांधून तर अजिबात नेऊ नका. त्यांना काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

उन्हाळ्यात जाणार असाल तर अजून एक. नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं आणि त्या उन्हात सकाळची नारळाची चटणी दुपारी एकला आंबलेली असते. डोसा-इडली खायची तर सकाळीच. कापून ठेवलेली फळं नको, उसाचा रस घेतला तर बर्फाशिवाय. मठ्ठा घ्या, पण घट्ट झाकणाच्या भांड्यातला. मी ड्युटीवर असताना आमच्या गाडीत गावाकडचे लोक पेशंटसाठी डबे देत. सकाळी सातला दिलेला डबा नागपूरला पोचेपर्यंत, आणि तिथून वॉर्डात जाईपर्यंत, मे महिन्यात वरण नासलेलं असायचं. भाकरी मात्र टिकायची. म्हणून निघताना घरून ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, भाजलेल्या फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) चटणी आणि वाळवलेला ठेचा न्या. पहिले दोन दिवस भरतीच्या धावपळीत हॉटेल शोधायला वेळच मिळत नाही, ते दोन दिवस यावर निघतात.

तारीख अजून ठरली नसेल तर डिसेंबरचं एवढं लक्षात घ्या की विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन त्या महिन्यात नागपुरात असतं. बर्डी, सिव्हिल लाइन्सकडची लॉज-हॉटेलं भरलेली असतात आणि भावही चढे. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवसांत रहाटे कॉलनीकडचे रस्ते बंद असतात, पण जागोजागी भोजनदानाचे मंडप असतात आणि जो येईल त्याला प्रेमानं वाढतात. तिथं आईंना घेऊन जायला हरकत नाही, जेवण शाकाहारीच असतं बहुतेक, तरी एकदा विचारून घ्या.

बाबांना सुट्टी मिळेल त्या दिवशी कागदपत्रांत दुपार होते. मेसमधून सकाळीच चार पोळ्या आणि सुकी भाजी बांधून घ्या, भात नको. गाडीत बाबांना पाय लांब करता येईल अशी जागा लागेल, तेव्हा गणेशपेठच्या स्टँडवरूनच बसा, मधल्या थांब्यावरून नाही. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, तो समोरची सीट देतो. भरतीची तारीख कळली की इथंच लिहा. त्या बाजूला आमच्या गावचा एक पोरगा शिकायला आहे, त्याची सध्याची मेस कोणती ते विचारून सांगतो.