लस उन्हाने बिघडते, तशी बर्फानेही

प्रश्न: मंगळवेढा तालुक्यातल्या उपकेंद्रात मी आरोग्य सेविका आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून डीप फ्रीझरमधले आइसपॅक काढल्या काढल्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या डब्यात) भरते आणि लसीकरण सत्राला निघते. व्हीव्हीएम (लसीला लागलेली उष्णता दाखवणारी व्हायलवरची खूण) चांगला होता, तरी पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) व्हायल, म्हणजे कुप्या, बाद करायला सांगितलं. असं का?

उत्तर: सिस्टर, व्हीव्हीएमवर आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही, एवढंच कळतं. गोठण्याची नोंद त्यावर होतच नाही. डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५ अंशांवर चालतो. तिथला कोरडा, टणक आइसपॅक व्हायलला चिकटला की बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत लस गोठते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोकोकल) यांत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात, लसीची ताकद जाते आणि वितळवून ती परत येत नाही.

म्हणून आइसपॅक आधी बाहेर मांडून ठेवा. अंगावर पाणी सुटलं आणि कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच चारही बाजूंना चार लावा. घड्याळावर विसंबू नका; सोलापूरच्या मे महिन्यात हे लवकर होतं, डिसेंबरात वेळ लागतो. व्हायल झिपच्या पिशवीत घालून मध्ये ठेवा. आयएलआरमध्येही (लस साठवायच्या फ्रीजमध्येही) या लसी तळाशी नकोत, बास्केटमध्येच हव्यात. तापमान २ ते ८ अंश, नोंद सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीही. वीज गेली तर झाकण उघडून बघू नका, गारवा तिथेच निसटतो.

पेंटाव्हॅलंटबद्दल शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवा. ती आणि संशयित व्हायल एकत्र १०-१५ सेकंद हलवून सपाट जागी ठेवा. संशयित व्हायलमधला गाळ गोठवलेलीइतकाच किंवा जास्त वेगाने बसला तर ती बाद. व्हायल गोठलेलीच सापडली तर टेस्टची गरज नाही, सरळ बाद करा.

प्रश्न: बीसीजीला (क्षयरोगाच्या लसीला) एकच बाळ आलं तर दहा डोसची व्हायल उघडावी का?

उत्तर: उघडा. नासाडीच्या भीतीने बाळ परत पाठवणं ही त्याहून मोठी चूक. बचत आदल्या दिवशी करायची असते: आशाताईंकडून यादी घेऊन बीसीजी आणि एमआरची (गोवर-रुबेलाची) बाळं एकाच सत्राला बोलवा. डायल्युएंट (लसीत मिसळायचं द्रावण) आदल्या दिवशीच आयएलआरमध्ये गार करा. मिसळल्याची वेळ व्हायलवर लिहा आणि चार तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर, जे आधी येईल तेव्हा, उरलेली लस टाका. यात तडजोड नको, कारण जंतू वाढलेली लस बाळाच्या जिवावर बेतते. पेंटाव्हॅलंट, टीडी, पोलिओ, पीसीव्हीची उघडी व्हायल मात्र २८ दिवस चालते. त्यासाठी उघडल्याची तारीख लिहिलेली हवी, व्हीव्हीएम व मुदत ठीक हवी आणि रबरी बूच पाण्यात बुडालेलं नको.