व्हिडिओ गेम खेळताना तुमच्या बाबतीत घडलेली, कायम लक्षात राहिलेली गोष्ट कोणती?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की गेमच्या लेखकाने आधीच रचून ठेवलेला प्रसंग नको, खेळता खेळता आपोआप घडलेलं काहीतरी सांगा. माझ्याकडे अशी एक गोष्ट आहे. घडायला जेमतेम अर्धा तास लागला असेल.

गेम होता 'एक्सकॉम: एनिमी अननोन', २०१२ सालचा. पृथ्वीवर परग्रहवासीयांचा हल्ला झालाय आणि तुमच्या हाताशी मूठभर सैनिक आहेत. खेळ पाळीपाळीने चालतो. आधी तुमचे सगळे सैनिक हलतात, मग शत्रूचे. गोळी झाडण्याआधी नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, आणि ८५ टक्के असूनही गोळी हुकली की पोटात खड्डा पडतो. मेलेला सैनिक कायमचा गेला. त्यात मी 'आयर्नमॅन' नावाचा कठीण प्रकार लावून खेळत होते. त्यात एकच सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली एकच नोंद असते आणि तीही गेमच आपोआप करत राहतो, त्यामुळे मागे जाऊन चूक सुधारायची सोय नाही.

सैनिकांची नावं बदलता येतात. मी घरच्यांची दिली होती. आई सपोर्ट, म्हणजे धुराचे गोळे टाकून इतरांना आडोसा देणारी. दादा स्नायपर, कारण तो बोलतो कमी आणि बघतो जास्त. खऱ्या दादाशी तेव्हा माझं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. भांडण वगैरे काही नाही. तो लांब राहायला गेला आणि आज करू, उद्या करू म्हणत दोघांचेही फोन राहून गेले. गेममध्ये मात्र तो रोज माझ्यासोबत होता.

ज्या मोहिमेत हे घडलं, तिच्यात एक जागा रिकामी होती म्हणून शेवटी एका नवशिक्या सैनिकाला घेतलं. नाव गेमनेच दिलेलं, एलेना, नावाशेजारी अर्जेंटिनाचा झेंडा. मी ते बदललं नाही. ती किती दिवस टिकेल कोणास ठाऊक, असं वाटलं होतं. नवशिक्यांचा नेम तसाही लागत नाही, मग निदान औषधाची पेटी तरी उचलेल म्हणून मेडिकिट तिच्याकडे दिलं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच तिला नेलं.

मोहीम होती शहरातल्या नागरिकांना वाचवायची. अशा ठिकाणी क्रिसॅलिड नावाचे प्राणी येतात. प्रचंड वेगाने धावतात, आणि त्यांनी मारलेला माणूस थोड्या वेळाने झोंबी होऊन उठतो. आम्ही पुढे त्यांना अडवत होतो, तेवढ्यात एक उडणारा फ्लोटर थेट दादाच्या मागे जाऊन उतरला. एकच गोळी. दादा खाली पडला, पण मेला नव्हता. जबर जखमी. अशा वेळी रक्तस्राव थांबवायला तीन पाळ्या मिळतात, आणि मेडिकिट घेऊन अगदी शेजारी जावं लागतं.

एलेना रस्त्याच्या पलीकडे होती. मधे सगळं उघडं, आडोसा म्हणून एक गाडी.

मी बराच वेळ काहीही न करता बसून राहिले. पाळीपाळीच्या खेळाची हीच खरी ताकद आहे, कोणी घाई करत नाही. तिला मागे ठेवलं तर ती जगेल, दादा जाईल. पुढे पाठवलं तर उलट. पहिल्या पाळीत तिला गाडीपर्यंत पळवलं. दुसऱ्या पाळीत ती दादापर्यंत पोहोचली आणि तिने त्याचा रक्तस्राव थांबवला. एका पाळीत मिळणाऱ्या तिच्या दोन्ही कृती संपल्या होत्या. नंतरच्या शत्रूच्या पाळीत क्रिसॅलिड आला.

पुढचं सांगताना आजही जड जातं. ती झोंबी होऊन उठली, दादाच्या शेजारीच, आणि मला तिच्यावर गोळ्या झाडायला लागल्या. शेवटची गोळी आईची होती.

मोहीम जिंकलो. दादा कितीतरी दिवस दवाखान्यात, त्याच्या मनोबलाचा आकडा कायमचा घटलेला. तळावर, मेलेल्या सैनिकांचं एक स्मारक असतं. तिथे गेलं की बॅगपाइपची धून वाजते आणि भिंतीवर नावं असतात. तिच्या नावापुढे मारलेल्या शत्रूंचा आकडा शून्य होता.

त्या रात्री मी दादाला फोन केला. इतक्या महिन्यांनी फोन करून पहिलं वाक्य काय, तर "अरे, आज तू मरता मरता वाचलास." त्याला सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मला आठवेना. उठून गेम परत सुरू केला, स्मारक उघडलं आणि वाचून सांगितलं.

हे गेम बनवणाऱ्यांपैकी कोणीही लिहिलेलं नव्हतं, हे मला अजून नवल वाटतं. त्यांनी फक्त नियम केले: तीन पाळ्या, मेडिकिट शेजारून, मेलेला परत नाही. बाकी फासा आणि मी. लेखकाने मारलेल्या पात्रासाठी मीही रडले आहे, पण तिथे दोष लेखकाचा असतो. इथे रस्ता ओलांडायला मी लावलं होतं. सेव्ह उघडून मागे जाता आलं असतं, तर मी शंभर टक्के गेले असते, दोघांनाही वाचवलं असतं, आणि आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

नावावरून आठवलं, त्याच वर्षी 'जर्नी' नावाचा गेम आला होता, प्लेस्टेशन ३ वर. त्यात वाळवंटातून चालताना कोणीतरी अनोळखी खेळाडू सोबतीला येतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. अख्खा प्रवास संपल्यावर, श्रेयनामावलीनंतर, सोबत कोण कोण होतं ते कळतं. मला बर्फातल्या चढावर एक जण भेटला होता. जवळ उभं राहिलं की दोघांच्याही गळपट्ट्यांत ऊब भरते, म्हणून तो पूर्ण चढभर मला चिकटून चालला. शेवटी नाव आलं ते मी कागदावर लिहून ठेवलं. एलेनाच्या वेळी ते केलं नव्हतं.

एक्सकॉमचा तो डाव मी पुढे हरले. दादाचा स्नायपर शेवटच्या मोहिमेपर्यंत होता. खऱ्या दादानेही मग गेम घेतला, आणि त्याच्या तुकडीत पहिल्याच नवशिक्या सैनिकाचं नाव बदलून एलेना ठेवलं. आता आम्ही रविवारी फोनवर बोलतो. ती कुठल्या मोहिमेवर गेली, परत आली का, हे मी आधी विचारते.