स्टेंटवर अस्तर चढते कसे?

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करणे) झाली. फुग्यामुळे धमनी आतून खरवडली जाते, असे वाचले. ती जखम भरते कशी?

उत्तर : धमनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. फुगा फुगवला की ते जागोजागी निघून येते आणि उघड्या भागावर प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणारे रक्तातले कण) लगेच चिकटतात. त्यानंतर जखमेच्या काठावरच्या शाबूत पेशी सरकू लागतात. अशी पेशी पुढच्या बाजूने पातळ पदर पसरते, त्याने खालच्या प्रथिनांवर पकड घेते, आतले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू आवळून अंग पुढे ओढते आणि मगच मागची पकड सोडते. हे करताना ती शेजारच्या पेशींना धरून असते, त्यामुळे अस्तर सलग पुढे येते. मागे पेशींचे विभाजन होऊन संख्या भरून निघते.

प्रश्न : रक्तातल्या मूळपेशी हे काम करत नाहीत का?

उत्तर : 1997 मध्ये तशा पेशींचा शोध जाहीर झाल्यावर मोठी आशा निर्माण झाली होती. पुढच्या अभ्यासांत मात्र नवे अस्तर मुख्यतः शेजारच्या पेशींपासूनच तयार होते, असे दिसले.

प्रश्न : मला औषधी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी, औषध लावलेली धातूची जाळी) बसवून तीन महिने झाले. काहीच त्रास नाही. दाढ काढायची आहे, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवू का?

उत्तर : स्वतःच्या मनाने एकही दिवस थांबवू नका. जखमेनंतर धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीही आत सरकतात, वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद करतात. त्यांना आवर घालण्यासाठी स्टेंटवर सिरोलिमससारखे औषध लावतात. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूत ते सापडले आणि ते वेगळे करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल भारतीय वंशाचे होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. अडचण अशी की हे औषध अस्तराच्या पेशींचाही वेग मंदावते. धातूची जाळी उघडी असेपर्यंत तिच्यावर अचानक गुठळी धरू शकते, आणि उघड्या धातूची कोणतीही जाणीव रुग्णाला होत नाही. म्हणूनच अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला गुठळी रोखणारी दुसरी गोळी साधारणपणे सहा महिने, हृदयविकाराचा झटका आलेला असल्यास बहुधा वर्षभर देतात. बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनही दाढ काढता येते, कारण हिरडीतला रक्तस्राव बोळा दाबून किंवा टाका घालून थांबवता येतो. स्टेंटचे कार्ड दंतवैद्यांना दाखवा आणि दाढ काढण्याची तारीख ठरवण्याआधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.