शंकांची वेळ आणि एसटीची वेळ

प्रश्न : आमचं महाविद्यालय गडचिरोली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. मी रोज ४ ते ५ या वेळेत शंका सोडवायला थांबते, पण कुणीच येत नाही. काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, आधी एसटीचं वेळापत्रक बघा. साडेतीनची गाडी चुकली तर खेड्यावरची पोरगी घरी जाणार कशी? वेळ पहिल्या तासाआधी किंवा मधल्या सुट्टीत आणा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असायचंच असतं; त्यातली ४० मिनिटं यासाठी ठरवा आणि ती कधीच मोडू नका. दोनदा दार बंद दिसलं की तिसऱ्यांदा कुणी येत नाही.

स्टाफरूम मात्र नको. आठ-दहा शिक्षकांसमोर "समजलं नाही" म्हणायला मुलं फार बिचकतात. ग्रंथालयातलं कडेचं टेबल घ्या, दोघा-दोघांना बोलवा.

"शंका असेल तर या" हे वर्गाला सांगून भागत नाही. वही तपासताना समासातच लिहा : "बुधवारी १०.२० ला ये, तिसरी पायरी दाखव." असं बोलावलेलं मूल येतं.

रोवणी-कापणीच्या दिवसांत फोनवर भर द्या. रात्री ८ ते ८.३०, साधा कॉल. रेंज नसते तिथे व्हिडिओ अडकतो. मिस्ड कॉल आला की आपणच लावावा, रिचार्ज संपलेला असू शकतो.